पुळणीवरची राखण

चिपळूण समुद्रावर नाही. वाशिष्ठीच्या काठावरचं हे गाव, घाट चढण्याआधीचं शेवटचं मोठं बाजाराचं ठिकाण. समुद्र गाठायचा तर गुहागरच्या वाटेने तासभर तरी जावं लागतं. तरीही कोकण किनाऱ्यावरच्या कासवांचं आणि समुद्रातल्या खडकांवर राहणाऱ्या पाकोळ्यांचं संरक्षण जिथून सुरू झालं, ती संस्था याच गावची. 1992 साली स्थापन झालेल्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'च्या नावातही समुद्र नाही, डोंगर आहे.

संस्था समुद्राकडे वळली ती एका पक्ष्यामुळे. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड किनाऱ्यालगतच्या उंच आंब्यावर, सुरूवर किंवा वडावर काटक्यांचं भलंमोठं घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं तेच डागडुजी करून वापरतो. झाडाखाली माशांचे काटे आणि समुद्री सापांची हाडं पडलेली असतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात विश्वास तथा भाऊ काटदरे, राम मोने आणि त्यांचे सहकारी ही घरटी मोजत किनाऱ्याने फिरू लागले. काम दिसायला साधं होतं. गावात जायचं, झाड शोधायचं, नोंद करायची आणि पुढच्या गावाला लागायचं. पण या फिरतीत त्यांच्या हाती जे आलं ते पक्षिशास्त्रापेक्षा मोलाचं ठरलं. कोणत्या गावात कोणाचा शब्द चालतो, कोणत्या वाडीत पाहुण्याला चहा मिळतो आणि कुठे आधी संशयाने पाहतात, हे सगळं त्यांना कळलं.

कोकणातल्या निसर्गाच्या कामाची मेख इथेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नगण्य. डोंगर, राया, बागा, माड, सगळं कोणाच्या तरी सातबाऱ्यावर, आणि एकेका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं. त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही पुण्यात, एखादा आखातात. विदर्भात जंगल राखायचं म्हटलं की वन खातं, गार्ड, कुंपण ही यंत्रणा डोळ्यांसमोर उभी राहते. इथे गरुडाचं घरटं वाचवायचं तर झाडाच्या मालकाच्या ओटीवर बसून बोलावं लागतं. तो नाही म्हणाला की विषय संपला.

पण अशा बोलण्याने सगळंच साधतं असं नाही. ते वेंगुर्ल्याच्या समुद्रात दिसलं.

वेंगुर्ला आणि निवतीच्या समोर, किनाऱ्यापासून काही मैल आत, उघड्या खडकांचा एक पुंजका आहे. नकाशांवर त्याचं नाव वेंगुर्ला रॉक्स. एका खडकावर दीपगृह आहे, बाकीचे ओसाड. त्यातल्या एका बेटाला इंग्रजांच्या काळापासून 'बर्न्ट आयलंड' म्हणतात. इथल्या पक्ष्यांची ख्याती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात ए. ओ. ह्यूम इथे येऊन गेले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलं गेलं तेच हे ह्यूम, पण त्यांचा जीव पक्ष्यांत अडकलेला. हुमायून अब्दुलाली यांनी 1940 साली इथल्या पाकोळ्या आणि सुरय यांच्यावर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं.

इथली भारतीय पाकोळी चिमणीएवढी, करड्या-तपकिरी रंगाची. ती समुद्री गुहेच्या अंधारात राहते आणि वाट काढण्यासाठी टकटक असा आवाज करत उडते. आवाजाचे पडसाद ऐकून भिंत कुठे आहे ते तिला समजतं. वटवाघळांची ही कला फारच थोड्या पक्ष्यांना साधली आहे. घरटं ती आपल्या लाळेने बांधते. लाळ खडकाला चिकटून वाळते आणि अर्ध्या वाटीच्या आकाराचं घरटं तयार होतं. त्यात दोन पांढरी अंडी. त्या लाळेतच तिचा घात आहे. चीन आणि हाँगकाँगमध्ये असल्या घरट्यांचं सूप अंगी ताकद आणतं असं मानतात, आणि त्यासाठी सोन्यासारखा भाव मोजतात.

त्यामुळे समुद्र शांत असण्याच्या महिन्यांत होड्या या खडकांकडे येत. गुहेत बांबू बांधून छतापर्यंत चढायचं आणि घरटी खरवडून काढायची. आत अंडं असलं काय, पिल्लू असलं काय, खालच्या पाण्यात गेलं. घरटं गेलं की पाकोळी पुन्हा बांधायला घेते, पण प्रत्येक वेळी लाळ कमी आणि घरटं तकलादू. शिवाय हातात दिवस मोजके, कारण एकदा पावसाळा लागला की हंगाम संपतो.

इथे समजावणार कोणाला? बेटावर गाव नाही, ग्रामपंचायत नाही, ज्याच्या ओटीवर बसावं असा मालकही नाही. हा व्यापार बाहेरच्या पैशावर चालणारा. म्हणून चिपळूणच्या या मंडळींनी 2001 साली सरकारी खात्यांना सोबत घेतलं आणि घरटी काढणारी टोळी प्रत्यक्ष काम करताना पकडून दिली. नंतरही हंगामात खडकांवर लक्ष ठेवणं, गुहेत जाऊन घरटी मोजणं, अधिकाऱ्यांना पुन्हा पुन्हा आठवण करून देणं चालू राहिलं. एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या प्रमुखाने होडीतून उडी मारून शेवाळलेल्या खडकावर चढायचं आणि परत आल्यावर पंचनाम्याच्या कागदांसाठी कार्यालयाच्या बाकावर बसून राहायचं, असं हे काम. त्याचे फोटो मासिकांत छापून येत नाहीत. पाकोळी दिसायला देखणी नाही, तिच्या नावाने महोत्सव भरत नाही. तरी या संस्थेच्या खात्यावर पहिला मोठा विजय कोणता, असं कोणी विचारलं तर कासवांच्या आधी या गुहेचं नाव घ्यावं लागेल.

कासवांची गोष्ट अधिक माणसांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती फार गोड करून सांगितली जाते.

2002 साली गरुडांच्याच पाहणीसाठी फिरताना वेळासच्या पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली. वेळास हे मंडणगड तालुक्याच्या टोकाचं गाव, नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून इतिहासात नोंदलेलं. बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे हरिहरेश्वर. किनारा लांब, शांत, मागे सुरूचं बन. ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री इथे वर येते, दीडेक फूट खोल खड्डा काढते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि तासाभरात समुद्रात परतते. ओडिशात गहिरमाथ्याला आणि ऋषिकुल्येला ही कासवं एका वेळी लाखोंनी येतात. कोकणात मात्र मादी एकेकटी येते, आज या पुळणीवर, तर उद्या त्या. म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, फक्त अंडी खाणाऱ्यांचं आणि विकणाऱ्यांचं होतं. शिवाय कोल्हे, कुत्री आणि घोरपडी होत्याच.

गमतीची गोष्ट म्हणजे याच गावांतल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, आणि दर्शनाला जाणारा प्रत्येक जण आधी त्याला हात लावतो. विष्णूचा दुसरा अवतार. देवळातलं कासव आणि पुळणीवरचं कासव यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं मात्र फारसं कोणाला वाटलं नव्हतं. कायद्याने हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. पण पहाटे तीन वाजता पुळणीवर कायदा नसतो. तिथे असतो तो अंडी काढायला आलेला माणूस.

काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माणसालाच कामावर घेतलं. संस्थेने घेतलेल्या सगळ्या निर्णयांत हा सर्वांत शहाणपणाचा. घरटं शोधणं हे कौशल्य आहे, पुस्तक वाचून ते येत नाही. मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचे माग वाळूत पाण्यापासून वर येतात आणि परत जातात. जिथे दोन्ही रेघा मिळतात तिथे वाळू विस्कटलेली असते. पण अंडी नेमकी कुठे आहेत ते त्या विस्कटीवरून कळत नाही, कारण जाण्याआधी मादी आपल्या अंगाने जागा थोपटून बुजवते. जाणता माणूस टाचेने किंवा काठीने हलकेच दाबत जातो आणि एका ठिकाणी वाळू किंचित आत जाते. तिथे हाताने, नखांनी, हळूहळू उकरायचं. फावडं लावलं की संपलं.

अंडी टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, कवच मऊ, दाबलं तर खळगा पडतो. ती काढायची तर घातल्यापासून काही तासांच्या आत. त्यानंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो, आणि मग अंडं उलटसुलट झालं तर तो मरतो. त्यामुळे एकेक अंडं जसं होतं तसंच उचलायचं, बादलीत खाली तीच ओली वाळू घालायची आणि किनाऱ्यावरच जाळीचं कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून पुरायचं. खड्डा तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद. वर पाटी, त्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या. पंचेचाळीसाव्या दिवसाच्या आसपास प्रत्येक खड्ड्यावर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची. पिल्लं वर आली असतील तर लाटांपासून थोड्या अंतरावर वाळूत सोडायची, कारण समुद्रापर्यंतची वाट त्यांनी स्वतः चालावी असं जाणकारांचं मत आहे. थेट पाण्यात टाकायची नाहीत.

पहिल्या हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांवर पिल्लं समुद्रात गेली. गावातल्या काहींना वाटलं, ही शहरी हौस, दोन वर्षांत उतरेल.

उतरली नाही, पण पैसा उतरणीला लागण्याची भीती कायम होती. घरटी राखणाऱ्या या माणसाला, म्हणजे कासवमित्राला, मानधन लागतं. नोव्हेंबर ते मे रोज पहाटे सात-आठ किलोमीटर चालायचं, रात्री कुंपणाशी राखण करायची. कोकणातल्या तरुणाला मुंबईची वाट कायम खुली असते, त्याला नुसत्या पुण्याईवर किती दिवस थांबवणार? या प्रश्नाचं उत्तर 2006 साली सुरू झालेल्या कासव महोत्सवातून मिळालं. पिल्लं बाहेर पडण्याच्या हंगामात लोकांना बोलवायचं, आणि उतरवायचं ते हॉटेलात नव्हे, गावकऱ्यांच्या घरात. मागच्या पडवीत गाद्या, पंगतीला सोलकढी आणि फणसाची भाजी, पहाटे उठून किनाऱ्यावर. नाही तर वेळासला मुक्कामासाठी कोण आलं असतं? तोवर पर्यटक खाडीपलीकडच्या हरिहरेश्वरला जात आणि तिथूनच परत फिरत.

या महोत्सवाचं श्रेय सहसा संस्थेला मिळतं. ते रास्तच आहे, पण अर्धवट. घराघरांत त्याचा भार बायकांनी उचलला. शनिवार-रविवारी पंधरा-वीस अनोळखी माणसांचा स्वयंपाक, अंथरुणं, आंघोळीचं पाणी आणि सोमवारी पुन्हा घरचं सगळं. आधी या कामाचा मोबदला कोणी दिला नव्हता, महोत्सवामुळे तो घरात आला. घरात पैसा आला की कासवाच्या अंड्याकडे पाहण्याची नजर बदलते, हे अर्थशास्त्र सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अंजर्ले आणि इतर किनाऱ्यांनीही पुढे हीच वाट धरली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' चित्रपटाच्या पार्श्वभूमीला हेच काम होतं. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि पुळणीवरच्या कुंपणाची गोष्ट कधी किनाऱ्यावर न गेलेल्यांपर्यंतही पोहोचली.

संस्थेचा कारभार पाहायचा तर तो ती माणसं कशी घडवते त्यात पाहावा. वेळासचेच मोहन उपाध्ये या कामात शिरले, किनारा आणि कासवं शिकले आणि पुढे कांदळवन प्रतिष्ठानच्या कासव संवर्धनात समन्वयक म्हणून काम करू लागले. राज्याचा कांदळवन कक्ष 2012 साली सुरू झाला, 2015 साली त्याला जोडून प्रतिष्ठान आलं. त्यांनी वन खात्याबरोबर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतल्या किनाऱ्यांवर हे काम पसरवलं. म्हणजे एका गावात, एका खाजगी संस्थेने सुरू केलेली पद्धत सरकारच्या अंदाजपत्रकात गेली. अनेक संस्थाचालकांना हे सोसत नाही. आपलं रोपटं दुसऱ्याच्या कुंडीत गेलं की त्यांचा जीव कासावीस होतो, मग श्रेयाच्या बातम्या आणि पत्रकबाजी सुरू होते. इथे तसं झालं नाही. चिपळूणची मंडळी दुसऱ्या एका कामाकडे वळली.

ते काम खवले मांजराचं. अंगभर खवले असलेला हा लाजरा, निशाचर, मुंग्या-वाळवी खाणारा प्राणी जगभर सर्वाधिक चोरटा व्यापार होणाऱ्या सस्तन प्राण्यांत मोडतो, आणि कोकणातल्या रानांत तो होता. इथे महोत्सवाचा जुना उपाय चालणार नव्हता. कासवाचं पिल्लू वेळेवर येतं, खवले मांजर पाहुण्यांसाठी बाहेर पडत नाही. शिवाय ते कुठे आहे हे जाहीर करणं म्हणजे चोराला पत्ता देणं. मग चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात 2020 च्या फेब्रुवारीत 'खवलोत्सव' झाला. ग्रामदेवतेच्या देवळात खवले मांजराच्या प्रतिकृतीची पूजा झाली, पालखी निघाली. कुठलंच खवले मांजर न दाखवता गावाने त्याला आपलं म्हटलं. शिमग्याला पालखी नाचवणाऱ्या गावाला हे कोणी शिकवावं लागलं नाही.

आता किनाऱ्यावरची दुसरी बाजू. उबवणी केंद्रांवर शास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. कासवाच्या पिल्लाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू तापली तर माद्या अधिक, गार राहिली तर नर अधिक. सगळी अंडी एकाच कुंपणात, एकाच उन्हात पुरली तर पूर्ण किनाऱ्यावर जी विविधता असते ती राहत नाही. म्हणून जिथे शक्य तिथे घरटं मूळ जागीच राखावं, हे तत्त्व आता सगळीकडे मानलं जातं. पण जिथे रात्रीतून कुत्री घरटं उकरतात किंवा भरतीचं पाणी वर येतं, तिथे तत्त्वाला मुरड घालावी लागते. दुसरं, सोडलेल्या पिल्लांचा आकडा म्हणजे यश नव्हे. हजारातलं एखादंच मोठं होतं असा अंदाज सांगितला जातो. मोठं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि परत आलेल्या मादीच्या पाठीवर तिचा जन्मदाखला नसतो.

तिसरी गोष्ट गर्दीची. जो पाहुणा पिल्लासाठी येतो तोच मोबाईलचा दिवा लावतो, रेषेच्या पुढे पाय टाकतो, आणि पिल्लू नाही दिसलं तर पैसे परत मागतो. पिल्लं उजेडाकडे चालतात, म्हणून किनाऱ्यालगत उभं राहणारं प्रत्येक रिसॉर्ट आणि त्याचे दिवे हा त्यांचा शत्रू. ज्या कासवाच्या नावाने जमिनीचे भाव वाढले त्याच कासवाला त्या भावाची किंमत मोजावी लागते, हा विरोधाभास सुटायचा आहे.

2020 ने तर दोन्ही बाजूंनी झोडपलं. ऐन महोत्सवाच्या दिवसांत टाळेबंदी लागली. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकलं आणि मंडणगड-दापोलीतली सुपारीची, माडाची, आंब्याची झाडं आडवी झाली. घरांची कौलं गेली. अशा वेळी कासवाचं नाव काढणं सुद्धा अवघड होतं. तरीही नोव्हेंबर आला आणि पहाटेची फेरी पुन्हा सुरू झाली.

जमिनीवरचं काम असं स्थिरावलं, पण मादीचं आयुष्य समुद्रात जातं, आणि त्याबद्दल कोकणात कोणालाच धड माहिती नव्हती. 2022 च्या सुरुवातीला कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले. वेळासची पहिली म्हणून तिचं नाव प्रथमा, अंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरच्याच बागेश्री आणि गुहा. बागेश्रीने दक्षिणेला जाऊन श्रीलंकेला वळसा घातला आणि ती बंगालच्या उपसागरात पोहोचली. मग 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालणाऱ्या एका मादीच्या पायावर धातूचा बिल्ला आढळला. क्रमांक 03233. तो 2021 च्या मार्चमध्ये ओडिशात लावलेला होता. म्हणजे एकाच मादीने पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवर हजेरी लावली होती. दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी असा जो समज होता, त्याला या एका बिल्ल्याने तडा दिला.

याचा अर्थ वेळासचं कुंपण पुरत नाही. मादी मरते ती बहुधा ट्रॉलरच्या जाळ्यात श्वास कोंडून, आणि तिथे चिपळूणच्या किंवा मुंबईच्या कार्यालयातून काही करता येत नाही. ते करायचं आहे तांडेलाने आणि खलाश्यांनी, आणि जाळं त्यांच्या पैशाचं आहे. राज्याने 2018 च्या अखेरीस योजना आणली. संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि तो सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई. अट एकच, सोडवतानाचे फोटो हवेत. तेव्हा हेलकावणाऱ्या होडीत एका हाताने मोबाईल धरायचा, दुसऱ्याने कोयता, मासळी निसटत असताना पहिल्यांदा क्लिक करायचं, मग जाळं कापायचं, आणि किनाऱ्याला आल्यावर अर्ज भरायचा. काही तांडेल हे ऐकायला तयार कसे झाले, आणि उरलेले कसे ऐकतील, हा आता कासवाच्या माणसांपुढचा प्रश्न आहे. ओटीवर बसून बोलण्याचा जुना अनुभव इथे कामी येईल, फक्त ओटी नाही, जेट्टी आहे, आणि समोरच्याला पहाटेची भरती गाठायची घाई असते.